शुक्रवारचा वाडगा

चीन पहिल्यांदाच बघायला निघालेल्या माणसाने म्हणे तीन शहरं चुकवायची नाहीत. बीजिंग, शांघाय आणि आमचं शीआन. वेळ उरलाच तर पांडा बघायला छंगदू आणि डोंगर बघायला ग्वेइलिन. ही यादी कोणी केली मला ठाऊक नाही, पण ज्याने केली त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा. त्याच्या यादीत आम्ही 'दुसरा दिवस, दुपार' आहोत. पहिल्या दिवशी मातीचे सैनिक, दुसऱ्या दिवशी सकाळी तटबंदी, आणि पोटात कावळे ओरडायला लागले की मशिदीमागच्या आमच्या गल्लीत रोट आणि मटणाचा रस्सा. पुढे एक मुलगी झेंडा नाचवत, मागे चाळीस माणसं, आणि चाळीसांच्या हातात चाळीस फोन. त्या हातांनी बसचे दांडे धरलेले असतात, तटावरच्या विटा चाचपलेल्या असतात, पोरांची नाकं पुसलेली असतात. मला विचारा, मी चोवीस वर्षं लोकांचे हातच बघतेय. शी!

मी युफेन. दुकानात वाडगे नेते-आणते. गल्लीतलीच आहे, याच मशिदीच्या भोंग्यावर उठत आले. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

आमच्याकडे रोट अख्खा देतात. गिऱ्हाइकाने आधी हात धुवायचे, मग बसायचं, आणि स्वतःच्या बोटांनी तो खुडायचा. तुकडा सोयाबीनच्या दाण्याएवढा, त्याहून मोठा नाही. रोट अर्धाच आंबवलेला, घट्ट, त्यामुळे चांगला तासभर जातो. गप्पा हाणत खुडायचा, घाई कसली? खुडून झालं की मी वाडग्याला नंबराचा बिल्ला अडकवून आतल्या खिडकीत देणार. आत उस्ताद त्या एका वाडग्यापुरता रस्सा उकळणार, त्यात ते तुकडे आणि मटण टाकून परत त्याच वाडग्यात ओतणार, आणि तो वाडगा परत त्याच माणसापुढे. ज्याचे हात, त्याचंच तोंड. एकदा माझ्या हातून दोन बिल्ल्यांची अदलाबदल झाली तर थोरल्या मालकांनी दोन्ही भरलेले वाडगे मोरीत ओतले, दोन्ही गिऱ्हाइकांची माफी मागितली, आणि मला आठ दिवस नुसती लसूण सोलायला बसवलं. थोरले मालक गेले. त्यांच्याबरोबर बरंच काही गेलं.

आता ज्यांची गोष्ट सांगायची ते उस्ताद म्हणजे लान देयी. वय एकसष्ट, अंगाने काटकुळे, कान मोठे, डोक्यावर पांढरी टोपी. सोळाव्या वर्षी त्या कढईसमोर उभे राहिले ते तिथेच. मातीचे सैनिक आमच्यापासून तासाभरावर, अख्खं जग विमानात बसून बघायला येतं, पण या माणसाने ते बघितले नव्हते. मी एकदा म्हटलं, "उस्ताद, एकदा जाऊन तरी या." तर म्हणाले, "त्यांचे हात मातीत घट्ट बसलेत वहिनी. हात हलत नाहीत त्या माणसाचं मी काय बघू?"

आतून त्यांना गिऱ्हाइक दिसत नसे. खिडकी एवढीशी, वाडग्यापुरती. त्यांना दिसायचा फक्त खुडलेला रोट. पण त्यावरून ते असं काही बोलायचे की माझ्या अंगावर काटा यायचा.

"सात नंबर कोण आहे हो वहिनी? डावखुरा?"

"डावखुरा."

"आणि भांडून बसलाय. खालचे तुकडे कसे बारीक, एकसारखे, आणि वरचे बघा, ठोकळे! मध्ये फोन आला असणार घरून."

मी वळून बघितलं तर सात नंबर फोन टेबलावर पालथा टाकून भिंतीकडे बघत बसलेला. एका हिवाळ्यात त्यांनी रोज येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना डॉक्टरकडे पाठवायला सांगितलं, कारण म्हणे तुकड्यांत उजव्या अंगठ्याचा जोर नाही. मास्तर हसले. आठ दिवसांनी त्यांच्या हातातून चहाचा पेला गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. त्या दिवसापासून गल्लीत उस्तादांचं नाव असं झालं की लोक मुद्दाम वाडगे पाठवून विचारायचे, बघा आमच्या नशिबात काय आहे. उस्ताद म्हणायचे, "मी ज्योतिषी नाही. हात काय करून गेले तेवढं सांगतो." म्हणायचे असं, पण छाती फुगलेली दिसायची. गर्व होता हो माणसाला, नाही कशाला म्हणू? पर्यटकांनी चार फाडी करून टाकलेले रोट ते सरळ परत पाठवायचे. "सांगा त्यांना, हे जेवण आहे, बांधकाम नाही!" आणि तो निरोप मी नेऊन द्यायचा. झेंडेवाल्या पोरीचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

ही विद्या त्यांना दिली आईने. मी त्यांना लान मावशी म्हणते. एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात हे एकच मूल. पोराला समोर बसवून, डोळ्यांवर फडकं बांधून रोट खुडायला लावायच्या आणि एकेक तुकडा बोटांनी चाचपून मोठा निघाला की टोपलीबाहेर. मावशींचा एक नेम होता. कुठेही काहीही खायच्या आधी विचारणार, "हात कोणाचे?" लग्नात विचारायच्या, मयतीच्या जेवणात विचारायच्या. बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या, "आल्या बघा फौजदारीणबाई!" मावशी ढिम्म. हात कोणाचे ते कळल्याशिवाय घास उचलणार नाहीत. अन्न स्वच्छ हवं, हलाल हवं, आणि ते कोणी हाताळलं ते ठाऊक हवं. बस.

आता मावशी अठ्ठ्याऐंशीच्या. दोन्ही डोळे गेलेले, दात तीन उरलेले. आठवडाभर नुसती बाजरीची पेज. भूकच मेली होती त्यांची. पण शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर मुलगा वाडगा आणायचा, तो मात्र शेवटच्या तुकड्यापर्यंत खायच्या. डॉक्टर म्हणाला होता, तेवढंच खरं अन्न पोटात जातंय, ते सोडू नका. उस्तादांची बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली, पोरंबाळं नाहीत. त्या माणसाला जगात दोनच गोष्टी होत्या, ती कढई आणि शुक्रवारचा वाडगा.

तर, थोरले मालक गेले आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसला, सा युआनजी. चांगला शिकलेला, गोडबोल्या, केसाला तेल आणि जिभेला मध. त्याने बघितलं की बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाळीस मिनिटं थांबते. चाळीस मिनिटांत खुडणार काय आणि खाणार काय? तो रोट कापायचं यंत्र आणायला निघाला. उस्तादांनी पळी खाली ठेवली.

"यंत्राने कापलेला रोट गुळगुळीत होतो. रस्सा आत शिरत नाही. ते यंत्र आत आलं की मी बाहेर."

"बरं काका, यंत्र नको," युआनजी म्हणाला. "गल्लीतल्या दोन बायका ठेवू. त्या सकाळी हात धुवून खुडून ठेवतील. घाईच्या गिऱ्हाइकाला तो तयार रोट. त्याची दुसरी कढई, दुसरा आचारी. तुमच्या कढईत फक्त ज्याचा हात त्याचा रोट. झालं?"

उस्ताद कुरकुरले, पण मानले. बायका ओळखीच्या होत्या, नमाजी होत्या. मागच्या खोलीत बसून खुडायच्या आणि मोठी टोपली भरायच्या.

याच सुमाराला उस्तादांचे अंगठे गेले. पंचेचाळीस वर्षं कढई उलटून उलटून सांधे सुजले, लिंबाएवढे. पळी धरता यायची, रोट खुडता येत नव्हता. तोवर मावशींचा रोट ते स्वतः खुडायचे, गुरुवारी दुपारी, कोणाला हात लावू न देता. एक दिवस माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाले, "वहिनी, आईपुरतं त्या टोपलीतलं भरून ठेवाल का डब्यात? शुक्रवारी लागेल."

मी म्हटलं, "ठेवते की. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

आता जे सांगते ते सांगावंसं वाटत नाही, पण सांगते. पर्यटक काय करतात? अख्खा रोट मागवतात. तयार नको, म्हणतात, आम्हाला खराखुरा अनुभव हवा. मग चार तुकडे खुडतात. फोन समोर धरून हसत हसत खुडतात. कोणी खुडता खुडता करंगळी कानात घालतो. एका बाईने पोराचं नाक चिमटीत पुसलं आणि त्याच चिमटीने पुढचा तुकडा तोडला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. हाताला उन्हाची क्रीम चोपडलेली, बोटं चाटतात, परत वाडग्यात. पाच मिनिटांत कंटाळा. मग झेंडा हलला की अर्धा खुडलेला रोट तसाच टाकून पळतात. दिवसाला असे तीस-चाळीस वाडगे. आधी आम्ही ते फेकायचो. मागच्या वर्षीच्या रमजान ईदनंतर युआनजीने दोघींपैकी एका बाईला घरी बसवलं आणि मला बाजूला घेतलं.

"काकू, ते टाकलेलं फेकू नका. गोळा करून मागच्या टोपलीत टाका."

"युआनजी! लोकांच्या हातचं उष्टं ते!"

"उष्टं कसं? तोंड कुठे लावलंय? आणि उकळत्या रश्श्यात पडल्यावर काय उरतं हो? शिवाय खाणार कोण? तेच. आयुष्यात एकदा येणारे. त्यांनीच टाकलं, त्यांच्याच भाऊबंदांनी खाल्लं."

तोबा! मी तिथेच थुंकायला हवं होतं. मी काय केलं? मी गोळा केलं. वय छप्पन, गुडघे गेलेले, दुसरीकडे कोण उभं करणार, असली कारणं मी मला रोज सांगत होते आणि रोज पटत होती. पहिल्या दिवशी चिमट्याने उचललं. पंधरा दिवसांनी हातानेच उचलायला लागले. माणूस कशालाही सरावतो म्हणतात, ते काही कौतुकाने सांगण्यासारखं नाही.

आणि मावशींचा डबा? पहिले दोन शुक्रवार मी त्या उरलेल्या बाईच्या हातचं वेगळं काढून भरलं. तिसऱ्या शुक्रवारी ती आलीच नव्हती आणि टोपलीत सगळं एक झालं होतं. मी वरवरचे बारीक, देखणे तुकडे वेचले. डब्याचं झाकण लावलं. उस्तादांनी नमाजहून येऊन डबा उघडला आणि न बघता सरळ कढईत उपडा केला. रोज दोनशे वाडगे वाचणारा माणूस, पण घरच्या डब्यात कोण डोकावतं? दिव्याखाली अंधार.

पुढच्या सोमवारी ते म्हणाले, "आईचं डोकं आता चालत नाही बहुतेक. पहिल्या घासाला थांबली. मग विचारते, हात कोणाचे? मी म्हटलं, आपल्याच गल्लीतले. काही बोलली नाही, खाल्लं सगळं." हे सांगून ते हसले. मी पण हसले. त्यानंतर मावशींनी परत कधी विचारलं नाही. आयुष्यभर जी बाई विचारत आली तिने विचारायचं सोडलं, आणि आम्ही म्हटलं, वय झालं.

असं वर्ष गेलं. वर्षाहून जास्त.

मग या वसंतात एका शुक्रवारी दुसरा आचारी मेहुण्याच्या लग्नाला गेला. युआनजीने उस्तादांच्या हातापाया पडून दोन्ही कढया त्यांच्याकडे दिल्या. सकाळची गर्दी. मी तयार रोटाचा एक वाडगा खिडकीत ठेवला आणि वळले.

"वहिनी."

आवाज असा होता की मी तिथेच थांबले.

"या वाडग्यात चार माणसं आहेत."

"तयार रोटाचा आहे उस्ताद. टोपलीतला."

"मला कळतंय टोपलीतला. टोपली भरायला दोन बायका आहेत ना? मग चार कुठून आले?" त्यांनी वाडगा उजेडाकडे तिरका केला. "हा एक डावखुरा. हे लहान पोराचे हात, नुसतं दाबून चपटं केलंय. हे लांब नखांचं, बघा, चंद्रकोरी उठल्यात. आणि हा..." त्यांनी वाडगा नाकापाशी नेला आणि झटक्यात मागे घेतला. "हा कसला वास? नारळासारखा?"

मी खिडकीच्या कडेवरचा चुरा पुसायला घेतला.

"वहिनी, कसला वास आहे?"

"क्रीमचा," मी म्हटलं. "उन्हाच्या क्रीमचा. पर्यटक लावतात ती."

मग मी सगळं सांगितलं. खिडकीच्या त्या भोकातून मला त्यांची छाती आणि हात तेवढे दिसत होते. मी बोलत होते तसे ते हात ॲप्रनला पुसत होते. पुसून झाले तरी पुसतच होते.

"कधीपासून?"

"मागच्या वर्षीच्या रमजान ईदपासून."

हात थांबले. मला वाटलं आता ते त्या टोपलीबद्दल बोलतील, युआनजीला शिव्या घालतील. पण ते खूप हळू म्हणाले, "माझा डबा कोण भरत होतं?"

"मीच."

ते मोरीवर गेले आणि ओकले. मला ऐकू येत होतं. मग नळ सुरू झाला आणि किती तरी वेळ बंद झाला नाही.

बाहेर आले तेव्हा टोपी ओली, तोंड पांढरं पडलेलं. चोवीस वर्षांत गिऱ्हाइकांच्या वेळेला ते पहिल्यांदा बाहेर आले होते. सरळ गल्ल्यापाशी गेले.

"युआनजी, तुला मी मांडीवर खेळवलंय. खरं सांग, लोकांच्या हातचं फेकलेलं तू लोकांना चारतोस?"

युआनजीने आधी आजूबाजूला कोणी ऐकतंय का ते बघितलं. "काका, हळू बोला. आत चला, बसून बोलू. उकळलेलं असतं हो सगळं! कोणाला काही झालंय का आजवर? आणि ते काय तुमचे नेहमीचे लोक आहेत? आज आले, उद्या शांघायला."

"माझ्या आईने खाल्लंय ते."

युआनजी क्षणभर वरमला. खरंच वरमला, मी बघितलं. पण तो गल्ल्यावरचा माणूस. लगेच सावरला आणि म्हणाला, "मग काका, ते मी नाही दिलं. ते तुम्ही स्वतः नेलंत. स्वतःच्या हाताने शिजवलंत. तुम्हाला कळलं नाही?"

असा राग आला मला! चोराच्या उलट्या बोंबा. पण उस्तादांनी ॲप्रन सोडला, घडी केली, गल्ल्यावर ठेवला. भट्टीजवळून एक गरम अख्खा रोट उचलला, किटलीत रस्सा भरला, मटण बांधून घेतलं आणि निघाले. मी माझा ॲप्रन तसाच अंगावर ठेवून मागे. ते "येऊ नका" म्हणाले नाहीत. मशिदीवरून गेलो तेव्हा नमाजची हाक सुरू होती. ओळखीच्या दोघांनी त्यांना हाताने बोलावलं. ते मान खाली घालून पुढे गेले.

घर म्हणजे गल्लीच्या टोकाला दोन खोल्या. मावशी खिडकीपाशी गादीवर बसलेल्या, उन्हाकडे तोंड करून. पावलांवरूनच ओळखलं. "लवकर आलास? आणि बरोबर युफेन आहे. गुडघ्याचा आवाज येतोय."

"हो मावशी," मी म्हटलं. पुढचं सगळं मी वाटेत मनाशी घोकलं होतं. मावशी, माझं चुकलं, तुमच्या मुलाला ठाऊक नव्हतं, डबा मी भरत होते. चार वाक्यं. ती बोलायच्या ऐवजी मी दाराशी चपला ओळीत लावत बसले.

उस्तादांनी हात धुतले, परत धुतले, आईसमोर जमिनीवर बसले आणि रोट खुडायला घेतला. अंगठे वळत नव्हते. तर्जनी आणि मधल्या बोटात धरून, दाबून, पिळून एकेक तुकडा काढायचे. घाम टपकत होता, तो वाडग्यात पडू नये म्हणून मान बाजूला वळवून खुडत होते. मी म्हटलं, "मी मदत..." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे लपवले. दीड तास गेला. मावशी वाडग्यात तुकडे पडल्याचा आवाज ऐकत होत्या. मग उस्तादांनी घरच्या छोट्या शेगडीवर रस्सा उकळला, शिजवलं आणि वाडगा आणून आईच्या हातात दिला.

मावशींनी पहिला घास घेतला. चघळला. थांबल्या.

"आज एकच माणूस आहे," त्या म्हणाल्या.

"हो आई."

"तू आहेस."

"हो."

त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. खाता खाताच बोलल्या, आवाज न चढवता, जणू बाजारभाव सांगताहेत.

"मग इतके दिवस ते का रे देत होतास? कोणाकोणाचे हात असायचे त्यात. एकदा तर साबणासारखा काहीतरी घाण वास होता. मी म्हटलं, विचारायचं नाही. पोरगा थकलाय, मालक नवीन आहे, काहीतरी अडचण असेल म्हणूनच देत असेल. तुला ठाऊक नव्हतं असं तर होणारच नाही. वाडगा नुसता बघून तुला माणूस कळतो, आणि आईच्या वाडग्यात काय आहे ते कळणार नाही होय? म्हणून गिळलं. दर शुक्रवारी गिळलं."

मी उस्तादांकडे बघितलं. तीनच शब्द बोलायचे होते, 'मला ठाऊक नव्हतं'. आईच्या मनातून वर्षभराचं किटाळ गेलं असतं. त्यांचे ओठ हलले. मग बंद झाले. मला चक्क दिसलं त्यांच्या मनात काय चाललंय ते. ठाऊक नव्हतं म्हणावं, तर वाडगा वाचणारा उस्ताद खोटा ठरतो, आणि तो सुद्धा जिने विद्या दिली त्या आईपुढे. ठाऊक होतं म्हणावं, तर मुलगा नालायक ठरतो. आणि त्या माणसाने निवड केली.

"चुकलो आई," ते म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांची किळस आली. वर्षभर ज्या टोपलीत मी हात घातले तिची आली नव्हती इतकी. कोणी म्हणेल, त्यांनी मला वाचवलं. काही वाचवलं-बिचवलं नाही. मी त्या खोलीत आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. त्यांनी त्यांचं नाव वाचवलं. आणि मी? माझं तोंड कोणी दाबून धरलं होतं? कोणीही नाही. मी बोलले असते तर डब्यापर्यंत यावं लागलं असतं, म्हणून मी खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे बघत उभी राहिले.

मावशींनी वाडगा संपवला. बोटाने कडेचा शेवटचा तुकडा शोधला, तोही खाल्ला. मग हात पुढे करून मुलाचं डोकं चाचपलं आणि टोपीवर हात ठेवला.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "माफ केलं तुला."

उस्तादांनी मान हलवली, आईच्या हातातून रिकामा वाडगा घेतला आणि मोरीवर धुवायला गेले.